पहिली मसल कार घेताय? आधी मालक बघा, मग गाडी

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं काढली, घराचा हप्ता अंगवळणी पडला, मुलं कॉलेजच्या वाटेला लागली, की आपल्यातल्या काही जणांच्या डोक्यात साठ-सत्तरच्या दशकातली एखादी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची गाडी घोळायला लागते. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांना हा आजार जरा जास्तच, कारण इथे उन्हाळ्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे या गाड्या रांगेने उभ्या असतात. ओळखीतल्या नव्या हौशींना जे तोंडी सांगत आलो, ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतोय. लेख पहिली गाडी घेणाऱ्यासाठी आहे, आणि ती चालवायला घेणाऱ्यासाठी आहे. गुंतवणूक म्हणून लिलावात हात वर करायचा असेल तर सल्ला द्यायला दुसरे लोक आहेत, आणि ते त्याचे पैसे घेतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. पन्नास-साठ वर्षं जुनी गाडी आज कशी आहे हे कारखान्याने ठरवलेलं नाही, मधल्या मालकांनी ठरवलंय. त्यामुळे मॉडेल, रंग, इंजिन यांच्या आधी गाडी कुणाच्या हातात होती हे शोधायला शिका.

मसल कार कशाला म्हणतात

१९६४ मध्ये पाँटियॅकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं मोठं इंजिन बसवलं. मध्यम गाडीत ३३० च्या वर जायचं नाही, असा पाँटियॅक ज्यांची, त्या जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पाँटियॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या मंडळींनी पळवाट काढली: ‘जीटीओ’ हे वेगळं मॉडेल नाहीच, टेम्पेस्टवर जादा पैसे भरून मिळणारा ऑप्शन आहे, असं कागदावर दाखवलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि नियमाचं कुणी नाव काढलं नाही. मध्यम बॉडी, मोठं इंजिन आणि पंचविशीतल्या नोकरदार पोराला झेपेल अशी किंमत, हे सूत्र मग सगळ्यांनी उचललं. शेव्हेल एसएस, रोड रनर, चार्जर आरटी, ४-४-२ ही सगळी त्याच घराण्यातली. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये आलेली मस्टँग आणि नंतरची कमॅरो यांना काटेकोर लोक ‘पोनी कार’ म्हणतात. वाद घालायचाच असेल तर या विषयावर संध्याकाळ छान जाते. या लेखापुरतं मी दोन्ही एकत्र धरतो.

आकड्यांची सवय करून घ्या. ६१ क्युबिक इंच म्हणजे एक लिटर. ३५० म्हणजे ५.७ लिटर, ४५४ म्हणजे ७.४. हॉर्सपॉवरच्या आकड्यांना मात्र फार भुलू नका. १९७१ पर्यंत कंपन्या सरसकट ‘ग्रॉस’ आकडा छापत. इंजिन स्टँडवर ठेवायचं, गाडीतला सायलेन्सर आणि इतर ओझं काढून टाकायचं आणि मोजायचं. १९७२ पासून ते सगळं ओझं बसवून मोजलेला ‘नेट’ आकडा आला आणि कागदावरची ताकद एका रात्रीत उतरली. त्यातली काही उतरण खरीही होती, कारण कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून जनरल मोटर्सने १९७१ मध्येच कॉम्प्रेशन खाली आणलं होतं. त्यात विम्याचे हप्ते भडकले, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पहिला जमाना तिथे संपला.

पहिला उन्हाळा: खिशात हात घालून फिरा

गाडी लगेच घेऊ नका. मे ते सप्टेंबर नुसते बघत हिंडा. मिशिगनमध्ये असाल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जा. १९९५ पासून तिथे ‘ड्रीम क्रूझ’ भरते आणि फर्नडेलपासून पाँटियॅक गावापर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी भरून जातो. खरं तर तो दिवस गर्दीचा. आधीच्या आठवड्यातल्या संध्याकाळी जास्त चांगल्या, कारण लोक निवांत असतात, खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि बोलतात. न्यू जर्सी-फिलाडेल्फियाकडच्यांना पेनसिल्व्हेनियातलं कार्लाइल जवळ आहे. तिथल्या मैदानावर फोर्ड, शेव्हरोले, क्रायसलर यांचे वेगवेगळे मेळे भरतात आणि सोबत जुन्या पार्ट्सचा बाजार असतो. शिकागोकडच्यांसाठी नोव्हेंबरात रोझमाँटला बंद हॉलमधलं मोठं प्रदर्शन असतं. आणि हे काहीच जमलं नाही तरी छोट्या गावात आइस्क्रीमच्या दुकानासमोर आठवड्यातून एक संध्याकाळ गाड्या जमतातच.

तिथे वागायचं कसं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. गाडीला हात लावायचा नाही. टेकायचं तर मुळीच नाही. पट्ट्याचं बक्कल आणि जॅकेटची चेन यांनी रंगावर ओरखडा पडतो, आणि मालकाची नजर तुमच्या चेहऱ्यावर नसते, तुमच्या बक्कलवर असते. पोराला फोटोसाठी बॉनेटवर बसवायचं नाही, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. आणि पहिलाच प्रश्न ‘कितीला घेतली?’ किंवा ‘विकणार का?’ हा नको. ‘किती वर्षं आहे तुमच्याकडे?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

मालकांचे प्रकार हळूहळू कळायला लागतात. काही जण गाडी बंद ट्रेलरमधून आणतात, उतरवतात, आरसा घेऊन खालचा भाग दाखवतात आणि परत ट्रेलरमध्ये घालतात. त्यांचा कटाक्ष असतो की कारखान्यात तपासनिसाने ॲक्सलवर जिथे रंगाचा ठिपका दिला होता, तिथे तसाच ठिपका आज असला पाहिजे. मला या लोकांबद्दल आदर आहे, पण पहिली गाडी त्यांच्याकडून घेऊ नये. तुम्ही दोनदा चालवली की तिची किंमत उतरते आणि तुमची झोप. दुसरे असतात ते गाडी चालवणारे. सीटवर थोडी घडी पडलेली, बंपरच्या क्रोमवर बारीक डाग, पण किल्ली फिरवली की गाडी चालू. यातले बरेच जण स्वतः गाड्यांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले असतात. अशा एकाने मला त्याची जाड फाइल दाखवली होती. त्यात पेट्रोल पंपावर झालेल्या ट्यूनअपची पावती होती, बॅटरीच्या वॉरंटीचं कार्ड होतं, आणि प्लास्टिकच्या पाकिटात पिवळा पडलेला एक कागद होता, त्यावर स्प्रिंगच्या गंजाचे गोल डाग. तो कागद म्हणजे ‘बिल्ड शीट’. गाडी लाइनवरून जाताना तिला काय काय बसवायचं ते त्यावर छापलेलं असे आणि कामगार तो मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा टाकीवर खोचून पुढे जात. सीटचं कापड बदलताना तो याला सापडला होता.

तुम्हाला गाडी अशाच माणसाकडून घ्यायची आहे. वय झालं की हे लोक गाडी विकतात, पण जाहिरात द्यायचा त्यांना कंटाळा असतो. आधी क्लबमध्ये विचारतात. म्हणून त्या-त्या गाडीच्या स्थानिक क्लबचं सभासदत्व गाडी घ्यायच्या आधी घ्या. वर्गणी किरकोळ असते.

कोणती गाडी

माझं मत सरळ आहे: पहिली गाडी साध्या इंजिनाची, भरपूर खपलेल्या मॉडेलची आणि १९६७ किंवा नंतरची घ्या. १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७ पासून दोन कप्पे आले. १९६८ पासून पुढच्या सीटला खांद्यावरचा पट्टाही आला. आधीच्या गाड्या वाईट नाहीत, दोन कप्प्यांचा सिलिंडर नंतरही बसवता येतो. पण नवख्याला ही डोकेदुखी कशाला?

मस्टँग २८९ किंवा ३०२ इंजिनाची, किंवा शेव्हेल मालिबू, नोव्हा, कमॅरो ३५० ची. यांचा जवळजवळ प्रत्येक पार्ट आज नवा मिळतो. मस्टँग आणि कमॅरोच्या तर आख्ख्या बॉड्या नव्या बनून मिळतात. क्रायसलरच्या गाड्या, म्हणजे प्लिमथ आणि डॉज, दिसायला मला सगळ्यात आवडतात, पण पार्ट्स महाग. एएमसीची, म्हणजे अमेरिकन मोटर्सची जॅव्हलिन स्वस्तात दिसली तर जरूर बघा, मात्र दाराची एक पट्टी शोधण्यात महिने घालवायची तयारी ठेवा. ४२६ हेमी किंवा १९७० ची ४५० हॉर्सपॉवरची शेव्हेल एलएस-६ यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही. ती घेऊ शकणाऱ्याला या लेखाची गरज नाही.

‘क्लोन’ हा प्रकार समजून घ्या. साध्या शेव्हेल मालिबूवर एसएस या ताकदवान आवृत्तीचे पट्टे, बॅज आणि बॉनेट चढवलं की क्लोन तयार. क्लोन म्हणून सांगून, क्लोनच्या भावात विकली तर ती उत्तम पहिली गाडी आहे. धक्का लागला, रंग उडाला तरी इतिहास बुडत नाही. अस्सल म्हणून विकली तर फसवणूक.

निघायच्या आधी टेप घेऊन गॅरेज मोजा. १९७० ची शेव्हेल साधारण १६ फूट ५ इंच लांब आहे आणि तिची दारं भलीमोठी. गणपतीच्या मखराची खोकी, मुलांच्या जुन्या सायकली आणि मंडळाच्या कार्यक्रमाचा उरलेला पडदा यांची सोय दुसरीकडे लागल्याशिवाय सौदा करू नका. घरातला खरा विरोध पैशांपेक्षा या जागेवरून होतो.

कागद वाचायला शिका

चासी नंबर, म्हणजे इथला व्हिन, टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे. १९६८ च्या सुमारापासून तो डॅशबोर्डवर, पुढच्या काचेतून दिसेल असा असतो. पट्टीचे रिव्हेट उचकटल्यासारखे वाटले तर तिथूनच परत फिरा. व्हिनच्या पट्टीशी छेडछाड हा गुन्हा आहे आणि जप्त झालेली गाडी परत मिळवताना तुमचं प्रामाणिक असणं फारसं कामी येत नाही. टायटलवर नाव विकणाऱ्याचंच हवं. ‘काकाची गाडी आहे, सही आणून देतो’ हे चालणार नाही. न्यूयॉर्क राज्यात १९७३ च्या आधीच्या गाड्यांना टायटल नसतंच, तिथे रजिस्ट्रेशनवरच व्यवहार होतो. एवढा अपवाद माहीत असू द्या.

आता व्हिन काय सांगतो आणि काय सांगत नाही. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. तसा नसेल तर ती जीटीओ नाही, विषय संपला. पण १९६४-६५ ची जीटीओ कागदोपत्री ऑप्शन होती, त्यामुळे व्हिनवरून काहीच कळत नाही. डिलोरियन मंडळींची पळवाट साठ वर्षांनी खरेदीदाराला अशी भोवते. सुदैवाने पाँटियॅकच्या कारखान्याची मूळ बिलं जपलेली आहेत आणि ‘पाँटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडे पैसे भरून त्या गाडीच्या बिलाची प्रत मिळते. १९६६-६८ ची शेव्हेल एसएस १३८ ने सुरू होते. १९६९ पासून एसएस हाही ऑप्शन झाला आणि नंबर गप्प झाला. क्लोनांचा सुळसुळाट त्याच वर्षांच्या गाड्यांत आहे, तो उगीच नाही. फोर्ड या बाबतीत प्रेमळ. मस्टँगच्या व्हिनमधलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, उदाहरणार्थ ‘के’ म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं खास २८९. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी ऑटो वर्क्सकडून ‘मार्टी रिपोर्ट’ मागवता येतो, कारण फोर्डची मूळ नोंद त्यांच्याकडे आहे. प्लिमथ-डॉजमध्येही पाचवं अक्षर इंजिनाचं. १९७०-७१ मध्ये ‘आर’ दिसला तर ४२६ हेमी.

‘नंबर्स मॅचिंग’ (इंजिन आणि गिअरबॉक्स त्या गाडीचे मूळचेच) हा शब्द जाहिरातीत आला की किंमत चढते, म्हणून तो स्वतः तपासा. १९६८ पासून इंजिनाच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर व्हिनचा शेवटचा तुकडा ठोकलेला असतो. त्याशिवाय ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो तिथे सापडते: आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १२ ९’ म्हणजे १२ मार्च १९६९. गाडी फेब्रुवारी १९६९ मध्ये बनली असेल आणि ब्लॉक मार्चमध्ये ओतला असेल, तर ‘मूळ इंजिन’ ही थाप आहे. टॉर्च, छोटा आरसा आणि चिंधी घेऊन जा. ग्रीसखाली दडलेला आकडा पुसून वाचावा लागतो. विकणारा ‘पुसू नका’ म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

गंज

पहिल्या गाडीत सगळ्यात जास्त पैसे इंजिन खात नाही, पत्रा खातो. इंजिन बिघडलं तर उचलून बाहेर काढता येतं. गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, घासायचा, रंगवायचा, आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजायचे. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठातून वर्षानुवर्षं फिरलेली गाडी वरून चकाचक आणि खालून चाळण असू शकते. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो, रबर पापडासारखं झालेलं असतं, पण पत्रा शाबूत असतो. दोन्हींत निवड असेल तर तडकलेला डॅशबोर्ड घ्या.

प्रत्येक गाडीच्या गंजाच्या ठरलेल्या जागा आहेत. १९६५-६८ च्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखाली हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्या आतला पत्रा कारखान्यात नीट रंगवलेलाच नसे. पानं साचतात, ओल राहते, भोकं पडतात आणि पावसाचं पाणी थेट पायाशी येतं. तपासणी सोपी आहे: मालकाला विचारून जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि आत वाकून टॉर्चने बघा. डॅशखालून थेंब पडले किंवा गालिचा ओला झाला, तर काम मोठं आहे. तो भाग बदलायला स्पॉट वेल्ड एकेक करून सोडवावे लागतात. याच मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणून पुढच्या चाकांवरचे शॉक टॉवर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर ज्यांना टेकतात ते) तडकलेत का, दाराखालचे टॉर्क बॉक्स (बॉडीचा तळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पेट्या) कुजलेत का, हे बघितल्याशिवाय बाकीचं काही बघू नका. डिकीही उघडा. तिचा तळ म्हणजे पेट्रोलच्या टाकीचंच वरचं अंग असतं, आणि त्या टाकीत आणि मागे बसणाऱ्यात सीटशिवाय काही नाही. सीटमागे लोखंडी पत्रा बसवून घेणं स्वस्त आहे. मुलांना मागे बसवणार असाल तर तो पहिल्याच आठवड्यात बसवा.

शेव्हेल आणि जीटीओला वेगळी चासी असते. तिथे मागच्या ॲक्सलवर चासी जिथे कमानीसारखी वर चढते त्या भागावर बोटाने ठोका. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द नाही. मागच्या चाकामागचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या काचेची खाच बघा. छतावर व्हिनाइल असेल तर कडेने बोट फिरवा. खाली फुगवटे लागले की आत गंज आहे.

पुट्टी ओळखायला फ्रीजवरचा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून चाकाच्या कमानीभोवती फिरवा. जिथे सुटून पडतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी सगळ्याच गाड्यांत असते, घाबरू नका. पण गाडीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी चुंबक सुटला, तर तो अपघात नव्हे, गंज. विक्रीच्या तोंडावर मारलेला नवा रंग आणि खालून ताजं काळं डांबरी कोटिंग, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी चहा पिऊन घरी येतो.

चालवून बघताना

फोनवरच सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर रेडिएटरच्या होजला हात लावा. गरम लागला, तर थंड असताना गाडी उठत नाही हे मालकाला माहीत आहे. थंड गाडीला ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे चोक बसतो, मग किल्ली. ज्यांनी घरी पद्मिनीचा चोक ओढलाय त्यांना यात नवल नाही. सुरू होताना जरासा निळा धूर आला आणि थांबला तर वॉल्व्हचे सील गेलेत, ते झेपणारं काम आहे. चालताना सतत निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर मात्र वाईट. कूलंट आत जातंय.

गाडी पळवण्याच्या आधी टायर वाचा. बाजूला शेवटी चार आकडे असतात. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल असली तरी दहा वर्षांपुढचा टायर मी हायवेवर नेत नाही. नवे टायर लागणार हे धरूनच भाव करा.

रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा असणारच, तो तेव्हाही होता. बघायचं ते हे: मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला ओढते का, सिग्नलला थांबल्यावर तापमान चढत जातं का, ऑइलचं प्रेशर गरम झाल्यावर कोसळतं का. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी काढून वास घ्या. जळका वास आणि तपकिरी रंग म्हणजे खर्च. पहिल्या फेरीत दणकून पळवायचा मोह आवरा. ड्रम ब्रेक दोनदा जोरात वापरले की तिसऱ्यांदा पाय खाली जातो आणि गाडी पुढे.

सगळं पटलं तरी सौद्याआधी त्या गाड्यांत मुरलेल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून पैसे देऊन तपासणी करून घ्या. दूरच्या राज्यातली गाडी फोटोवर घेत असाल तर हे टाळूच नका.

विमा आणि पाटी

नेहमीच्या विम्यात जुन्या गाडीला भंगाराचा भाव मिळतो. ‘अग्रीड व्हॅल्यू’चा विमा घ्या, म्हणजे ठरलेली रक्कम आधीच कागदावर असते. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीची हॅगर्टी ही यातली जुनी कंपनी, इतरही आहेत. रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि हिला बंद गॅरेज, या अटी साधारण सगळीकडे.

मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ पाटी मिळते. ती लावली की गाडी प्रदर्शन, परेड, क्लबचे कार्यक्रम अशाच कामांना न्यायची, पण ऑगस्ट महिनाभर मात्र कायद्यानेच मुभा आहे, कुठेही फिरवा. न्यू जर्सीत २५ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ‘क्यूक्यू’ अक्षरांची पाटी मिळते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या मॉडेलला धुराची चाचणी माफ. रोज मनात येईल तेव्हा काढायची असेल तर सरळ साधी पाटी घ्या, पैसे थोडे जास्त जातात.

घरी आणल्यावर, याच क्रमाने

नवा मालक आधी मोठा कार्ब्युरेटर आणि आवाजाचा सायलेन्सर आणतो. तसं करू नका. आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती पेटू नये, मग ती तापू नये. ताकदीचा नंबर शेवटचा.

म्हणजे पहिल्यांदा ब्रेक. चाकांजवळच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून सुजून बंद होतात, सगळ्या बदला, ब्रेक ऑइल नवं भरा. पुढे डिस्क ब्रेकचा किट बसवणं हा मी नेहमी देतो तो सल्ला आहे. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या. जुने पार्ट्स खोक्यात घालून ठेवा, पुढच्या मालकाला हवे असतील.

मग पेट्रोलच्या नळ्या. आजच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. पंपाजवळचे दोन-तीन इंचांचे रबराचे तुकडे हमखास विसरले जातात, आणि ते गरम इंजिनाच्या अगदी शेजारी असतात.

इंजिन ऑइल विचारपूर्वक निवडा. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर सपाट टॅपेट घासतात आणि त्यांना ऑइलमधलं जस्त लागतं. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. जुन्या इंजिनांसाठीचं वेगळं ऑइल मिळतं, तेच घाला. शिशाच्या पेट्रोलची मात्र नको तेवढी काळजी केली जाते. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद आहे. अधूनमधून चालणाऱ्या गाडीच्या वॉल्व्हला सहसा काही होत नाही, आणि इंजिन उघडायची वेळ आली तर तेव्हा कडक वॉल्व्ह सीट बसवून घ्या. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला प्रीमियम पेट्रोल घाला आणि चढावर इंजिन खडखडलं तर ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्या.

पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी पाडणारी जुनी यांत्रिक जोडी) ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक किट घालायचा? पॉइंट सेट करायला एकदा शिका, हे माझं म्हणणं. शेव्हरोलेच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला छोटी खिडकी असते; इंजिन चालू ठेवून तिच्यातून ॲलन की घालायची आणि ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, ३० अंशांवर आणायचा. पाच मिनिटांचं काम. प्लगच्या वायर काढल्या तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) लिहून ठेवा: शेव्हरोलेचा १-८-४-३-६-५-७-२, फोर्ड २८९ आणि ३०२ चा १-५-४-२-६-३-७-८. नंतर किट बसवलात तरी पॉइंटचा एक जोड डॅशच्या कप्प्यात असू द्या.

आणि पहिल्या दिवसापासून फाइल करा. प्रत्येक पावती, प्रत्येक फोटो, कोणता पार्ट कधी बदलला. तुम्हाला गाडी घेताना जी फाइल हवी होती, ती पुढच्याला तुमच्याकडून हवी असेल.

हिवाळा

रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत गाडी आत गेली पाहिजे. टाकी पूर्ण भरा, पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घाला आणि दहा-पंधरा मैल चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. ऑइल आत्ताच बदला, वसंतात नाही. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसतं. टायरमध्ये हवा थोडी जास्त. हँडब्रेक लावू नका, पट्टे ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडाच्या उट्या लावा. बॅटरीला चार्ज टिकवणारा मेंटेनर. एक्झॉस्टच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत स्टील वूल कोंबा, नाहीतर उंदीर बाळंतपणाला येतात. ते कोंबलंय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करायची सवय असेल तर सोडा. इंजिन पुरतं तापत नाही, पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. एक तर नीट अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका.

एप्रिलमध्ये दोन-तीन जोरदार पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की आधी स्टील वूल काढा, गाडीखाली काही गळलंय का बघा, आणि इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेकवर पाय दाबून धरा. पॅडल हळूहळू खाली गेलं तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. पहिली फेरी घराभोवतीच मारा. रस्त्यात बंद पडलीच तर टोचन करणाऱ्याला फोनवर स्पष्ट सांगा की फ्लॅटबेडच पाठवा, आणि तो गाडी चढवत असताना हुक कुठे लावतोय ते शेजारी उभं राहून बघा.